सोशालिस्ट इंटरनॅशनलचे सदस्यत्व घेऊन लहान पक्षाला काय मिळते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही पुण्यात लोकशाही समाजवादी विचारांच्या एका लहान, नोंदणीकृत पक्षाचे काम करता. तुमचे बहुतेक काम वाकड, हडपसर, कोथरूड या भागांत ॲपवरून मिळणाऱ्या ऑर्डर पोहोचवणाऱ्या डिलिव्हरी कामगारांमध्ये आहे. सोशालिस्ट इंटरनॅशनल आणि प्रोग्रेसिव्ह अलायन्स या समाजवादी पक्षांच्या दोन जागतिक संघटनांपैकी कोणाचे सदस्यत्व घ्यावे, ते घेतल्यावर युरोपातले मोठे सोशल डेमोक्रॅटिक पक्ष तुमच्या कामगारांच्या पाठीशी उभे राहतील का, आणि पहिले पत्र कोणी कोणाला लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी अनेक वर्षे आधी पक्षाच्या आणि नंतर एका कामगार संघटनेच्या वतीने परदेशातल्या पक्षांशी व संघटनांशी होणारा पत्रव्यवहार पाहिला आहे. त्यांची शिष्टमंडळे पुण्यात फिरवली आहेत आणि परिषदांसाठी टिपणे तयार केली आहेत. त्या कामातून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगून टाकतो. सदस्यत्व आणि सहकार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याच्या हातात नेमके काय आहे, आणि त्यातले काय आपण मागू शकतो, हे ठाऊक असल्याशिवाय केलेला संपर्क अधिवेशनातल्या ठरावापलीकडे फारसा जात नाही. म्हणून कोणत्या संघटनेत शिरावे याआधी आपल्याला कोणाकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, हे ठरवावे लागते.

संघटनांची ओळख थोडक्यात करून देतो. सोशालिस्ट इंटरनॅशनल १९५१ मध्ये फ्रँकफर्टला स्थापन झाली. जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रँट १९७६ ते १९९२ एवढा दीर्घ काळ तिचे अध्यक्ष होते आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ त्या पदावर निवडून आले. प्रोग्रेसिव्ह अलायन्स मे २०१३ मध्ये लाइपझिगला, जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या दीडशेव्या वर्षी स्थापन झाली. ती स्थापन होण्यामागची नाराजी जुनी होती. ट्युनिशियाचे बेन अली आणि इजिप्तचे होस्नी मुबारक यांचे सत्ताधारी पक्ष वर्षानुवर्षे सोशालिस्ट इंटरनॅशनलचे सदस्य होते. बेन अली १४ जानेवारी २०११ रोजी देश सोडून पळाले आणि त्यांच्या पक्षाची हकालपट्टी झाली १७ जानेवारीला. मुबारक यांचा पक्ष त्याच महिन्याच्या अखेरीस, कैरोच्या रस्त्यांवर लोक उतरल्यावर, काढला गेला. सदस्यांची यादी लांबवण्याच्या नादात ती तपासायची राहून गेली, असा आक्षेप घेत जर्मन पक्षाने २०१२ मध्ये आपली वर्गणी फार मोठ्या प्रमाणात कमी केली आणि ब्रिटिश लेबर पक्षाने २०१३ मध्ये स्वतःला निरीक्षकाच्या पातळीवर आणले. आज अनेक पक्षांची नावे दोन्ही याद्यांत आहेत. पार्टी ऑफ युरोपियन सोशालिस्ट्स ही तिसरी संघटना युरोपपुरती आहे. ती तुम्हाला सदस्यत्वासाठी नव्हे, तर युरोपीय संसदेतल्या तिच्या गटासाठी उपयोगी आहे, आणि त्याकडे मी पुढे येतो.

भारतातून काँग्रेस पक्षाचे नाव या वर्तुळांत आहे, हे तुमच्या अर्जाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच देशातला आणखी एक पक्ष घेताना आधीच्या सदस्याचे मत विचारात घेतले जाते. महाराष्ट्रात तुम्ही काँग्रेसबरोबर आघाडीत आहात की तिच्याविरुद्ध लढता, यावर त्या मताचा सूर ठरेल. मला तुमची स्थानिक समीकरणे ठाऊक नाहीत, म्हणून याविषयी अधिक बोलत नाही. एक गंमत मात्र सांगतो. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. त्यामुळे आपल्या पक्षाच्या घटनेत समाजवाद आहे, असे तुम्ही कितीही ठळकपणे अर्जात लिहिले तरी भारताची माहिती असणारा परदेशी सचिव त्यावरून काहीच निष्कर्ष काढणार नाही. तो विचारेल की तुमचे नगरसेवक किती, तुमची कामगार संघटना कोणती आणि मागच्या वर्षी तुम्ही कोणत्या प्रश्नावर काय मिळवले.

आता पैशांविषयी, कारण ‘तिकडून काही आर्थिक मदत होईल का’ हे तुमच्या प्रश्नात दबक्या आवाजात आलेच आहे. नाही, आणि होता कामा नये. परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए २०१०, याच्या कलम ३ नुसार राजकीय पक्ष, त्याचे पदाधिकारी, निवडणुकीतले उमेदवार आणि कायदेमंडळाचे सदस्य यांना परकीय देणगी घेता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-ब हेच पक्षांपुरते पुन्हा सांगते. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परकीय देणग्यांविषयीचा आधीचा, १९७६ चा कायदा मोडल्याचे म्हटले होते. पुढे संसदेने २०१६ आणि २०१८ मध्ये परकीय स्रोताची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पर्यंत मागे नेऊन, बदलली. मोठ्या पक्षांना लाभलेला हा उदारपणा लहान पक्षाच्या वाट्याला येईल, असे गृहीत धरू नका.

पैशांपेक्षाही अधिक वेळा अडचण येते ती पाहुणचाराची. पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परदेशात असताना परकीय आदरातिथ्य, म्हणजे यजमानांनी दिलेले तिकीट, निवास किंवा जेवणखाण, स्वीकारायचे असेल तर कलम ६ नुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. परदेशी यजमान अतिशय सहजपणे ‘तुमचा खर्च आम्ही करू’ असे लिहितात, कारण त्यांच्या देशात त्यात काही वावगे नसते. आपले कार्यकर्ते तितक्याच सहजपणे होकार कळवतात. होकार कळवण्यापूर्वी परवानगीचा अर्ज करावा, नाहीतर स्वखर्चाने जावे. तिसरा मार्ग दूरदृश्य बैठकीचा आहे, आणि माझ्या मते लहान पक्षासाठी तोच सर्वांत चांगला आहे. कामगार संघटनेला तरी परदेशी निधी घेता येतो का, तर तीही सरसकट मोकळी नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या नियमांचा अर्थ लावताना सक्रिय राजकारणात किंवा पक्षीय राजकारणात असलेल्या संघटनांपुरतीच बंदी मर्यादित केली. पण तुमची संघटना आणि तुमचा पक्ष यांचे पदाधिकारी तेच असतील तर हा युक्तिवाद तुमच्या कामाचा नाही. याबाबत सनदी लेखापाल आणि वकील या दोघांनाही विचारा.

पैसा वगळला की उरते काय, असे तुम्हाला वाटेल. त्यासाठी इतिहासातली दोन-तीन प्रकरणे पाहू, कारण या पक्षांचे सहकार्य कोठे चालते आणि कोठे थांबते हे त्यांत स्पष्ट दिसते.

जे चालले त्याचे ठळक उदाहरण पोर्तुगालचे आहे. पोर्तुगालचा समाजवादी पक्ष एप्रिल १९७३ मध्ये स्थापन झाला तो जर्मनीतल्या बाड म्युन्स्टरआयफेल या गावी, जर्मन सोशल डेमोक्रॅट्सच्या आश्रयाने, कारण पक्षाचे नेते मारिओ सुआरेस आणि त्यांचे सहकारी हद्दपार होते. वर्षभरात, २५ एप्रिल १९७४ रोजी, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली. बरोबर एक वर्षाने झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत हा पक्ष पहिला आला. १९७५ च्या उन्हाळ्यात सत्ता लष्करातल्या जहाल गटाकडे जाते की काय, अशी वेळ आली तेव्हा ऑगस्टमध्ये स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या स्टॉकहोममध्ये युरोपातले समाजवादी नेते एकत्र आले आणि पोर्तुगालच्या लोकशाहीसाठी त्यांनी समिती नेमली. हे साधले कारण पाठीशी उभे राहणाऱ्यांपैकी अनेक जण त्या वेळी आपापल्या देशांत सत्तेवर होते, पोर्तुगाल युरोपातच होता, त्यांच्या देशहिताचा आणि पक्षहिताचा मेळ बसत होता, आणि पैसा पाठवण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. तुमच्या बाबतीत यातली बहुतेक कारणे लागू नाहीत.

जे चालले नाही त्याचे उदाहरण आपल्याजवळचेच आहे. भारतीय समाजवादी या वर्तुळात नवखे नव्हते. मूळचे पुण्याचे मधु लिमये १९४७ मध्ये अँटवर्पच्या परिषदेला भारतीय समाजवाद्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. तरीही जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला आशियातल्या समाजवाद्यांनी आशियाई समाजवादी परिषद ही स्वतःची वेगळी संघटना उभी केली. ब्रिटनचे माजी पंतप्रधान क्लेमंट ॲटली तेथे सोशालिस्ट इंटरनॅशनलच्या वतीने हजर होते, पण आशियाई पक्ष त्या संघटनेत विलीन झाले नाहीत. वसाहतींच्या प्रश्नावर युरोपीय पक्षांचा त्यांना भरवसा नव्हता. तो अविश्वास किती रास्त होता हे चार वर्षांच्या आत कळले. आशियाई परिषदेचे दुसरे अधिवेशन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला भरले तेव्हा सुएझचे युद्ध चालू होते. इजिप्तवर हल्ला करणाऱ्या फ्रेंच सरकारचे प्रमुख गी मोले हे फ्रेंच समाजवादी पक्षाचेच नेते होते, आणि इस्रायलचा सत्ताधारी मापाई पक्ष तर आशियाई परिषदेचा स्वतःचा सदस्य होता. ब्रिटनमधला लेबर पक्ष मात्र या युद्धाच्या ठाम विरोधात होता, आणि तो त्या वेळी विरोधी बाकांवर होता. १९१४ मध्ये जर्मन पक्षाने युद्धखर्चाला मत दिले, तेव्हापासूनचा हा अनुभव आहे: सत्तेतला पक्ष प्रथम आपल्या देशाचे सरकार असतो, आणि विरोधातला पक्ष मोकळेपणाने बोलू शकतो पण त्याच्या हातात फारसे काही नसते. पत्र लिहिताना समोरचा पक्ष सध्या कोणत्या बाजूला बसला आहे, हे पाहून मागणी ठरवावी.

तुमच्याच क्षेत्रातले ताजे उदाहरण घ्या. ॲपवर काम करणाऱ्यांना ठरावीक परिस्थितीत नोकरदार मानावे, असे गृहीतक घालून देणारा युरोपीय संघाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, २०२४ मध्ये मंजूर झाला. प्रस्ताव मांडणारे आयुक्त निकोला श्मिट लक्झेंबर्गच्या समाजवादी पक्षाचे, आणि युरोपीय संसदेत तो पुढे नेणाऱ्या एलिझाबेता ग्वालमिनी इटलीच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. म्हणजे हे खऱ्या अर्थाने या पक्षकुटुंबाचे काम होते. पण सदस्य देशांच्या निर्णायक मतदानात जर्मनी तटस्थ राहिला, आणि तेव्हा जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स आणि कामगारमंत्री हुबर्टुस हाइल हे दोघेही सोशल डेमोक्रॅट होते. आघाडीतल्या उदारमतवादी एफडीपीने पाठिंबा नाकारल्यामुळे सरकारला तटस्थ राहावे लागले. निर्देश शेवटी तरला तो मार्चमध्ये एस्टोनिया आणि ग्रीस यांनी भूमिका बदलल्यामुळे. स्वतःच्या घरात ज्यांना हे मत देता आले नाही, ते पुण्यातल्या कामगारांसाठी सरकार म्हणून काही करतील, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. मात्र त्या निर्देशावर तीन वर्षे राबलेले संसदीय सहायक, संघटनांचे संशोधक आणि वकील आहेत. त्यांच्याकडे ॲपच्या अल्गोरिदमची माहिती कंपनीकडून कशी मागावी, खाते बंद करण्याच्या निर्णयाला आव्हान कसे द्यावे, याचे तयार मसुदे आहेत. ते तुम्हाला आजच उपयोगी पडतील आणि ते मागायला कोणत्याही सदस्यत्वाची गरज नाही.

आता हातात धरण्यासारखी आणखी एक गोष्ट. स्विगीचे शेअर २०२४ मध्ये बाजारात आले तेव्हा तिची सर्वांत मोठी भागधारक प्रोसस ही ॲमस्टरडॅमची कंपनी होती, आणि याच प्रोससने २०२५ मध्ये जस्ट ईट टेकअवे ही युरोपातली घरपोच जेवणाची कंपनी ताब्यात घेतली. म्हणजे वाकडचा डिलिव्हरी कामगार आणि नेदरलँड्समधला डिलिव्हरी कामगार यांच्या डोक्यावर एकाच मालकाचे भांडवल आहे. तेथील एफएनव्ही ही मोठी कामगार संघटना या विषयात मुरलेली आहे. डिलिव्हरू या घरपोच जेवणाच्या कंपनीच्या कामगारांना नोकरदार ठरवणारा निकाल तिने मार्च २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. शिवाय नेदरलँड्स ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बांधील असल्यामुळे तेथील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे डच कंपनीविरुद्ध परदेशातूनही तक्रार करता येते. कंपनी केवळ अल्पांश भागधारक असली तरी चालते का? चालते, आणि याचा दाखला भारतातलाच आहे. पॉस्को या कोरियन पोलाद कंपनीच्या ओडिशातल्या प्रकल्पाबाबत लोकशक्ती अभियान आणि इतर संघटनांनी २०१२ मध्ये डच पेन्शन फंड एबीपी आणि नॉर्वेच्या सरकारी फंडाचे व्यवस्थापन यांच्याविरुद्ध अशाच तक्रारी केल्या होत्या, आणि दोघेही पॉस्कोचे लहान भागधारक होते. डच केंद्राने लहान भागधारकालाही ही तत्त्वे लागू असल्याचे मान्य केले. या केंद्रांचा निर्णय बंधनकारक नसतो, प्रक्रिया संथ असते, आणि तक्रार कागदपत्रांनिशी नसेल तर पहिल्याच पायरीवर थांबते. पण येथे एखाद्या डच सोशल डेमोक्रॅट खासदाराने आपल्या संसदेत विचारलेला एक प्रश्न अधिवेशनातल्या दहा ठरावांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण तो प्रश्न विचारणे त्याच्या हातात असते.

सहकार्य एकतर्फी मागण्याचे असू नये, हेही सांगायला हवे. लहान पक्षांची पत्रे बहुधा ‘आम्हाला पाठिंबा द्या’ एवढ्यावर संपतात आणि त्यांना येणारे उत्तर ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढेच असते. तुमच्याकडे देण्यासारखे काय आहे? माझ्या मते पुष्कळ. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा जगातल्या कोणत्याही सोशल डेमोक्रॅटला दाखवावा असा आहे. हमालाचा एक ठरावीक मालक नसतो, तो दिवसभरात चार व्यापाऱ्यांचा माल उचलतो. तरीही मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, उपचार यांची व्यवस्था लावायची, अशी ही रचना आहे. मालक कोण, हा वाद मिटेपर्यंत कामगाराला ताटकळत ठेवायचे नाही, हे तिचे मर्म आहे. युरोपात सारी शक्ती ‘हा नोकरदार आहे की स्वतंत्र व्यावसायिक’ या वादात खर्च होते. राजस्थानच्या २०२३ च्या गिग कामगार कायद्यात मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क हीच वाट धरली आहे. भवानी पेठेतल्या हमाल पंचायतीचा आणि बाबा आढावांच्या कामाचा वारसा तुमच्या शहरात आहे. माथाडी मंडळे कोठे यशस्वी झाली आणि कोठे बोगस टोळ्यांनी त्यांचे नाव खराब केले, यावर प्रामाणिक असे एक दहा पानी टिपण करा. माझा अनुभव असा आहे की परदेशी शिष्टमंडळ भाषणे विसरते, पण असे टिपण बरोबर घेऊन जाते आणि नंतर त्याविषयी शंका विचारते. त्या शंकांतूनच पत्रव्यवहार टिकतो.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: निधी निषिद्ध आहे, पाहुणचाराला परवानगी लागते, सत्तेतल्या पक्षाकडून सरकार म्हणून फार अपेक्षा ठेवू नये, आणि माहिती, कायदेशीर मसुदे, संसदेतले प्रश्न व भागधारकांवरचा दबाव या गोष्टी मागण्याजोग्या आहेत. मुख्य लढाई अर्थात येथेच आहे. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, आणि तिच्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, निधीत भरावे अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी कशी होते, हे कोणताही परदेशी पक्ष पाहायला येणार नाही.

पहिले पत्र कोणी लिहावे याचे उत्तर यातून निघते. पक्षाने नव्हे, तर कामगारांच्या नोंदणीकृत संघटनेने लिहावे, आणि सही पक्षाचे पद नसलेल्या पदाधिकाऱ्याने करावी. ते एफएनव्हीच्या प्लॅटफॉर्म, म्हणजे ॲपवरच्या, कामगारांचे काम पाहणाऱ्यांना, आणि त्याची प्रत युरोपीय संसदेच्या रोजगार समितीतल्या सोशालिस्ट-डेमोक्रॅट गटाच्या एखाद्या सदस्याच्या कार्यालयाला पाठवावी. पत्र दोन पानांचे असावे: कामगार किती, दर किलोमीटरला काय मिळते, गेल्या वर्षी किती खाती बंद केली गेली, अपघातानंतर विम्याचे काय झाले, आणि शेवटी एकच नेमकी मागणी. सोबत पावत्या व ॲपवरचे संदेश यांच्या प्रती जोडाव्यात, त्यांतली कामगारांची नावे झाकून. याच आकडेवारीचा दुसरा उपयोग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढे होईल. तेथे २०२५ च्या परिषदेने प्लॅटफॉर्म कामाविषयी आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला पूरक शिफारस करण्याचे ठरवले आणि २०२६ च्या परिषदेत दुसरी चर्चा ठेवली. जिनिव्हात कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या केंद्रीय संघटनांना स्थानिक पुराव्यांची नेहमीच चणचण असते, म्हणून हिंद मजदूर सभेच्या राज्य कार्यालयालाही एक प्रत द्या.

सोशालिस्ट इंटरनॅशनल किंवा प्रोग्रेसिव्ह अलायन्सकडे अर्ज करायचाच असेल तर तो साधारण वर्षभराच्या या पत्रव्यवहारानंतर करा, आणि आधी पूर्ण सदस्यत्व न मागता निरीक्षक म्हणून किंवा एखाद्या विषयापुरत्या बैठकीला बोलावण्याची विनंती करा. वर्गणी किती आणि ती परकीय चलनात पाठवण्याचे नियम काय, हे तुमच्या खजिनदाराने बँकेत जाऊन अर्जापूर्वी विचारून घ्यावे.